चमचा आणि हात

लाचार अनुयायाला मराठीत किती शब्द आहेत याची मोजदाद करायला एकदा बसलो, तेव्हा कागदाची एक बाजू सहज भरली. हुजऱ्या, होयबा, लाळघोट्या, तोंडपुजा, खुशमस्कऱ्या, भाट, बगलबच्चा, हस्तक, प्यादे, कळसूत्री बाहुले, शेपूट आणि अर्थात चमचा. कुठल्याही मराठी माणसाने यात आणखी चार-पाचांची भर घालावी. एखाद्या गोष्टीला समाजात इतके शब्द असतील तर ती गोष्ट तिथे मुबलक असते, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. त्या नियमावर माझा फारसा विश्वास नाही. या यादीकडे पाहताना मला खटकले ते वेगळेच. त्याकडे येण्यापूर्वी यातले काही शब्द उलगडून पाहायला हवेत.

‘हुजऱ्या’पासून सुरुवात करतो. ‘हुजूर’ हा मूळचा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ सान्निध्य, समक्ष असणे. त्याच धातूपासून हजर, हजेरी, गैरहजर, हजरजबाबी हे शब्द आले. ‘हजरत’ आणि गावपंचांच्या समक्ष होणारा ‘महजर’ही त्याच कुळातले. राजाच्या समक्ष असणारे ते ‘हुजुराती’चे सैन्य, त्याच्या खास घोड्यांची ती ‘हुजूरपागा’. पेशव्यांच्या त्या पागेच्या जागेवर पुढे मुलींची शाळा उभी राहिली आणि आज पुण्यात ‘हुजूरपागा’ म्हटले की डोळ्यांपुढे वेण्या घातलेल्या मुली येतात, घोडे येत नाहीत. शब्दांचे नशीब असे असते. हुजऱ्या म्हणजे मुळात फक्त समक्ष हजर असणारा सेवक. त्या शब्दात तुच्छता नव्हती, होता तो एक हुद्दा. दरबार गेला, हुद्दा गेला, आणि उरली ती केवळ हजर राहण्याची सवय. काम नसताना जो हजर असतो तो आजचा हुजऱ्या.

‘लांगूलचालन’ हा त्याच्या अगदी उलट वळणाचा, पंडिती शब्द. लांगूल म्हणजे शेपूट. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या एका प्रसिद्ध श्लोकात घास देणाऱ्यापुढे शेपूट हलवणारा, पायाशी लोळणारा कुत्रा आहे आणि त्याच्या शेजारी हत्ती आहे. हत्ती धीरगंभीरपणे पाहतो आणि शंभरदा आर्जवे केल्यावरच खातो. शाळेत हा श्लोक स्वाभिमानाचा धडा म्हणून शिकवतात. त्यात घास देणारा एकच आहे, हत्तीलाही तोच खायला घालतो आणि हत्तीपुढे तोच आर्जवे करतो, हे मात्र कोणी सांगत नाही. अलीकडच्या राजकीय मराठीत या शब्दाची दिशाच फिरली आहे. एके काळी दुबळा बलवानापुढे लांगूलचालन करी. आता सरकार अल्पसंख्याकांचे लांगूलचालन करते असा आरोप होतो, म्हणजे शेपूट बलवानाला लावली गेली आहे. शब्दाचा अर्थ बदलला याची तक्रार नाही. पण घास कोणाच्या हातात आहे हे विसरायला लावण्याची सोय त्या बदलात आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

बाकीचे शब्द पाहा. लाळघोट्यात लाळ आहे, तोंडपुज्यात तोंड आहे, बगलबच्चा काखेत आहे, शेपूट शरीराच्या मागे आहे. होयबात तर माणसाचे अख्खे व्यक्तिमत्त्व एका होकारात आटले आहे. यातले बहुतेक शब्द शरीराचे किंवा जनावराचे आहेत. त्यांतून किळस व्यक्त होते, आणि किळस नेहमी खालच्या माणसाची. ज्याच्यासाठी लाळ घोटली जाते तो या शब्दांत कुठेच नाही.

चमचा मात्र या पंगतीत वेगळा बसतो. तो निर्जीव आहे, एक भांडे आहे. फारसीत ‘चम्चा’ म्हणजे चमचाच आणि तुर्की भाषांतही त्याचे भाऊबंद सापडतात. संस्कृतातला ‘चमस’, यज्ञातले सोमपात्र, ध्वनीने जवळचा असल्याने काही जण हा शब्द तिकडे नेऊ पाहतात. मला ते ओढूनताणून वाटते. आपण तो फारसीकडून घेतला एवढे आपल्या कामाला पुरे. मराठी स्वयंपाकघराला त्याची तशी नडही नव्हती. वाढायला पळी होती, डाव होता, ओगराळे होते, तळायला झारा होता, आणि खायला पाच बोटे. चमचा आला तो साहेबाच्या टेबलावरून आणि चहाच्या कपातून. आजही घरोघरी त्याचे मुख्य काम साखर आणि तिखट मोजण्याचे आहे.

पण चमच्याच्या वंशातली पळी आपल्याकडे फार जुनी, आणि तिचे एक काम असे की ज्याबद्दल पाककृतींच्या पुस्तकांत लिहीत नाहीत. पळीने देता येते आणि स्पर्श होत नाही. तीर्थ पळीने मिळते. दलित आत्मकथनांत ओंजळीत वरून पाणी ओतण्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. तिथे भांडे आणि ओंजळ यांच्यातले अंतर हाच सगळा व्यवहार असतो. देणारा हात आणि घेणारा हात यांच्यामध्ये काहीतरी असावे लागते, आणि ते ‘काहीतरी’ ज्याच्या हातात असते तोच अंतर ठरवतो. चमचा या शब्दाकडे मी या अंगाने पाहतो. व्युत्पत्तीचा आधार याला नाही, हा माझा अर्थ आहे.

दुसरा धागा बौद्ध आहे. धम्मपदाच्या बालवग्गात एक उपमा आहे. मूर्ख माणूस जन्मभर शहाण्यांच्या संगतीत राहिला तरी त्याला धम्म कळत नाही, जशी पळीला कालवणाची चव कळत नाही. पुढच्याच गाथेत शहाण्याला जिभेची उपमा दिली आहे. ही पळी महाभारतातही आहे. म्हणजे सगळे रस ज्याच्यातून जातात आणि ज्याला एकही कळत नाही, अशा माणसाला पळी म्हणण्याची कल्पना या भूमीत फार जुनी आहे. आजच्या शिवीशी तिचा सरळ वंशवृक्ष जोडता येत नाही. पण शिवी ऐकताक्षणी आपल्याला कळते, कोशात पाहावे लागत नाही, ते अशा जुन्या ओळखीमुळे असावे.

हा शब्द शिवीच्या पातळीवरून उचलून त्याला राजकीय विचाराची संज्ञा बनवण्याचे काम एका माणसाने केले. कांशीराम पंजाबचे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते पुण्यात स्फोटकांच्या सरकारी संशोधन प्रयोगशाळेत नोकरीला आले. तिथे आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. राजस्थानातून आलेल्या दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला आणि त्याला शिक्षा झाली. त्या लढ्यात कांशीराम उतरले, डी. के. खापर्डे यांच्यामुळे त्यांनी बाबासाहेबांचे जातिसंहारावरचे भाषण वाचले, आणि पुढचे आयुष्य बदलले. ‘द चमचा एज’ हे त्यांचे छोटेखानी इंग्रजी पुस्तक २४ सप्टेंबर १९८२ रोजी आले. तारीख मुद्दाम निवडलेली होती, त्या दिवशी पुणे कराराला पन्नास वर्षे झाली. पुस्तक अर्पण केले आहे महात्मा फुल्यांना.

‘चमचेगिरी’ आणि फुल्यांची १८७३ची ‘गुलामगिरी’ यांचा प्रत्यय एकच आहे. ‘गिरी’ फारसीतून आला, तिथे त्याच्या मुळाशी ‘धरणे, पकडणे’ हा अर्थ आहे, ‘गिरफ्तार’ त्याच घराण्यातला. मराठीत तो केवळ वृत्ती किंवा धंदा दाखवतो, त्यामुळे यातून काहीही सिद्ध होत नाही. तरीही चमचेगिरीत ‘धरणे’ दडलेले असावे याची मला गंमत वाटते.

कांशीरामांनी केलेली व्याख्या साधी आहे. जो स्वतः काम करू शकत नाही, ज्याला चालवायला दुसरा माणूस लागतो, तो चमचा. चालवणारा त्याला नेहमी स्वतःच्या फायद्यासाठी आणि चमच्याच्याच समाजाच्या विरोधात वापरतो. दलाल, पिठ्ठू, औजार हे शब्द ते शेजारी ठेवतात आणि त्यांच्यातल्या छटा सांगतात. या व्याख्येत खुशामत कुठेच नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. खुशामत हा स्वभाव असतो. चमचा असणे ही जागा आहे. स्वाभिमानी, अबोल, कोणाची कधी स्तुती न करणारा माणूसही या व्याख्येने चमचा ठरू शकतो. पुस्तकाच्या उपशीर्षकात त्यांनी ‘स्टूज’ हा इंग्रजी शब्द घेतला आहे. तो अमेरिकन रंगभूमीवरच्या विनोदवीराच्या जोडीदाराचा. त्याने टपल्या खायच्या आणि मुख्य नटाला हशा मिळवून द्यायचा. पण स्टूज माणूस असतो, त्याला नाटक चालू आहे हे ठाऊक असते. चमच्याला काही ठाऊक असण्याची सोयच नाही. इंग्रजी पुस्तकाच्या मथळ्यात त्यांनी देशी शब्द ठेवला तो बहुधा यासाठीच.

आणि ही जागा निर्माण झाली कुठे, तर त्यांच्या मते येरवड्यात. ऑगस्ट १९३२च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा दिल्या होत्या, पण स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. त्यांचा प्रतिनिधी त्यांनीच निवडायचा. २० सप्टेंबरला गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ तारखेला करार झाला. जागा १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. काही वर्षांपुरती एक प्राथमिक फेरी ठेवली होती. आधी अस्पृश्य मतदारांनी चार जण निवडायचे आणि मग त्या चारांतून एक सर्वांनी मिळून. पुढे राज्यघटनेतल्या राखीव जागांना तेवढीही चाळणी राहिली नाही. राखीव मतदारसंघात जवळपास सगळीकडे बहुसंख्य मतदार इतर जातींचे असतात. उमेदवार दलित, निवड इतरांची. कांशीराम म्हणतात, खऱ्या लढवय्याला विरोध करायला चमचा लागतो. लढवय्ये नव्हते तोवर चमच्यांची गरज नव्हती. अर्थशास्त्रातल्या मागणीसारखा हा विचार आहे आणि पुस्तकातला सर्वांत ताकदीचा भाग हाच.

पुरावे त्याच्या बाजूने आहेत, पण सरसकट नाहीत. १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई इलाख्यात चांगले यश मिळवले, तेही पुणे कराराच्याच पद्धतीत. मग १९४६ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची वाताहत झाली आणि घटना समितीत बाबासाहेबांना मुंबईतून नव्हे, बंगालमधून जावे लागले. १९५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष राखीव जागेवर हरला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच झाले.

या ठिकाणी शब्दाची खरी परीक्षा होते. काजरोळकरांना चमचा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि अनेकांनी ते केलेही. मी तसे म्हणणार नाही. तेही दलितच होते, त्यांची स्वतःची राजकीय मते होती, आणि काँग्रेसमध्ये असणे हा त्या काळी कोणाचाही निर्णय असू शकत होता. कांशीरामांची व्याख्या काळजीपूर्वक वाचली तर तिचे बोट व्यक्तीकडे जात नाही, मतदारसंघाच्या रचनेकडे जाते. साडेचौदा हजारांचे उत्तर काजरोळकरांच्या स्वभावात शोधून सापडणार नाही.

दुर्दैव असे की खुद्द कांशीरामांना आपली व्याख्या पुस्तकभर सांभाळता आलेली नाही. चमच्यांचे प्रकार पाडायला ते बसतात आणि मग थांबत नाहीत. अनुसूचित जातींचे नाइलाजाने झालेले, जमातींचे नवखे, इतर मागासवर्गीयांचे उत्सुक, अल्पसंख्याकांचे असहाय. पक्षांचे चमचे वेगळे, अज्ञानी चमचे वेगळे, जाणते म्हणजे आंबेडकरवादी चमचे आणखी वेगळे. शिवाय चमच्यांचे चमचे, आणि परदेशातले. वर्गीकरणात एक खट्याळ आनंद आहे, वाचताना हसू येते. पण जिच्यात जवळजवळ प्रत्येक जण बसतो ती संज्ञा काही वेगळे करून दाखवायचे सोडून देते. आणि चढत्या-उतरत्या पायऱ्यांची अशी मांडणी, प्रत्येक समाजाला त्याचे विशेषण, ही ज्या व्यवस्थेविरुद्ध पुस्तक लिहिले तिचीच सवय नकळत लागल्यासारखी वाटते.

त्याहून मोठी अडचण उपमेतच आहे. चमचा निर्जीव असेल तर त्याच्यावर रागावता येत नाही. पण पुस्तकात राग आहे, आणि सर्वांत जास्त राग जाणत्या चमच्यांवर आहे, ज्यांनी बाबासाहेब वाचले आणि तरी दुसऱ्याच्या हातात गेले त्यांच्यावर. राग खरा आहे, म्हणजे ते चमचे माणसे आहेत, त्यांना चव कळते. धम्मपदातल्या पळीसारखी ती अजाण नाहीत. कांशीरामांना एकाच वेळी यंत्रणा दाखवायची होती आणि फितुरी दाखवायची होती, आणि एका शब्दावर हे दोन्ही भार पेलत नाहीत. पुढे बहुजन समाज पक्षाने १९९५ साली भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्यावर उत्तर प्रदेशात सरकार बनवले, तेव्हा विरोधकांना उलटा फेकायला हाच दगड मिळाला. यंत्रणा दाखवणारी संज्ञा असती तर तिला उत्तर देता आले असते. शिवीला उत्तर नसते, फक्त दुसरी शिवी असते.

आता आपल्या गावात या शब्दाचे काय चालले आहे ते पाहा. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदाला आरक्षण आले. राखीव गावात दलित सरपंच निवडून येतो. त्याच्याकडे शेत नसते किंवा असते ते नावापुरते, मजुरी ज्याच्याकडे करतो तो सदस्य म्हणून शेजारी बसलेला असतो, आणि अविश्वास ठरावाला लागणारी मते त्याच्याच खिशात असतात. सरपंच सही करतो. संध्याकाळी पारावर निकाल लागतो, हा तर पाटलाचा चमचा. वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. ‘पाटलाचा’ ही षष्ठी त्यात स्पष्ट आहे, म्हणजे हात कोणाचा हे बोलणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण शिवी सरपंचाला बसते. पाटील त्या वाक्यात केवळ मालकी हक्काने उभा आहे, आणि मालकी ही काही शिवी नव्हे. ऐकणाऱ्या पाटलाला कदाचित बरेच वाटेल.

यादी करताना खटकले होते ते हेच. लाचार अनुयायाला पानभर शब्द, आणि ज्याला लाचार अनुयायी लागतात त्याला शिवी म्हणून एकही नाही. शोधून पाहिले. साहेब, दादा, अण्णा, भाऊ, मालक, नेते, आश्रयदाते, पोशिंदे. सगळे आदरार्थी. ‘स्तुतिप्रिय’ आहे, पण तो दोष म्हणून सांगताना आवाजात लाडच असतो, जसे एखाद्याला गोडाची आवड आहे म्हणावे. होयबाला समोर ज्याचे ऐकायचे तो ‘बा’ लागतो, आणि ‘बा’ म्हणजे बाप. हुजऱ्याला हुजूर लागतो, आणि हुजूर आजही लोक वाकून म्हणतात. शब्दांची ही जोडी अर्धीच शिवी का झाली याचा शोध कोशात लागत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्या कार्यालयात एक शिपाई होते. साहेबांचा डबा आणणे, गाडीचे दार उघडणे, साहेबांच्या मुलाला शाळेतून आणणे ही कामे ते करत आणि आम्ही कारकून मंडळी त्यांना पाठीमागे चमचा म्हणत असू. त्यांच्या नेमणुकीच्या आदेशात यातले एकही काम नव्हते. त्यांचा गोपनीय अहवाल मात्र साहेब लिहीत. त्या साहेबांना आम्ही काय म्हणत होतो हे आज आठवू पाहतो. आम्ही त्यांना साहेबच म्हणत होतो, पाठीमागेसुद्धा.